‘ओल्ड ज्यूल्स’ : एका घराण्याची जमीन

घराण्याचा इतिहास लिहावयास बहुधा त्या घराण्यांतलाच कोणीतरी बसतो, आणि तेथेंच त्या इतिहासाचें निम्में भवितव्य ठरून जातें. लिहिणाराच्या पायाखालची जमीन पूर्वजांनीं मिळविलेली असते. अंगांतलें रक्त त्यांचें असतें. आणि वाचणारांत भाऊ, बहिणी, पुतणे व शेजारी यांचाच भरणा अधिक असतो. अशा स्थितींत मूळ पुरुष हा धैर्याचा पुतळा होतो, त्याची बायको सहनशीलतेची मूर्ति होते, आणि जमीन तर जणूं त्या दोघांच्या येण्याची वाट पाहात आदिकालापासून मोकळीच पडून राहिलेली असते. अमेरिकेच्या पश्चिम भागांत वस्ती करणाऱ्या कुटुंबांच्या ज्या बखरी लिहिल्या गेल्या, त्यांपैकीं पुष्कळांची ठेवण ही अशी आहे. त्यांत दुष्काळ आहेत, हिमवादळें आहेत, टोळधाडी आहेत. नाहींत त्या दोनच गोष्टी : घराच्या भिंतींआड कोणीं कोणाला किती दुखविलें याचा हिशेब, आणि ही जमीन आपल्यापूर्वीं कोणाची होती हा प्रश्न.

मारी सँडोझ या लेखिकेचें ‘ओल्ड ज्यूल्स’ हें १९३५ सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक याच प्रकारांत मोडतें, आणि तरीही त्या सर्वांपासून वेगळें उभें राहतें. नेब्रास्का संस्थानाच्या वायव्य कोपऱ्यांत वस्ती करणाऱ्या आपल्या बापाचें हें मुलीनें लिहिलेलें चरित्र होय. प्रकाशकांनीं तें वारंवार परत पाठविलें. अखेर ‘अटलांटिक’ मासिकाच्या स्पर्धेंत त्यास पांच हजार डॉलरांचें बक्षीस मिळालें, आणि तेव्हांपासून अमेरिकन वाङ्मयांत त्याला जें स्थान लाभलें तें आजतागायत टिकून आहे. आमच्या मतें या स्थानाचें कारण त्यांतील साहसांत नाहीं. वर सांगितलेल्या दोन राहून गेलेल्या गोष्टींना सँडोझबाईंनीं हात घातला, हें तें कारण होय. पहिली गोष्ट त्यांनीं या पुस्तकांत पुरी केली. दुसरीस पुढचीं सुमारें तीस वर्षें द्यावीं लागलीं.

कथेची पार्श्वभूमि कळण्यास तेथील जमिनीच्या कायद्याची थोडी ओळख अवश्य आहे. १८६२ सालीं अमेरिकन सरकारनें ‘होमस्टेड’चा कायदा केला. त्याअन्वयें प्रौढ नागरिकास, किंवा नागरिक होण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या परदेशस्थास, १६० एकर सरकारी जमिनीवर हक्क सांगतां येई. अट एवढीच कीं, त्यानें तेथें घर बांधून पांच वर्षें राहावें व जमीन कसावी. मग अल्पशी फी भरली कीं जमीन त्याची. पूर्वेकडील पावसाळी मुलखांत १६० एकरांवर एक कुटुंब बऱ्यापैकीं नांदे. परंतु नेब्रास्काच्या पश्चिमेस पाऊस तुटपुंजा. तेथील ‘सँडहिल्स’ म्हणजे तर निव्वळ गवताच्या मुळांनीं धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्यांचा सुमारें वीस हजार चौरस मैलांचा टापू. म्हणून १९०४ सालीं किंकेड नांवाच्या प्रतिनिधीच्या खटपटीनें दुसरा कायदा झाला व त्या भागापुरती मर्यादा ६४० एकर, म्हणजे एक चौरस मैल, करण्यांत आली.

मधल्या काळांत या टेकड्यांवर खरें राज्य होतें तें रँचवाल्यांचें. रँच म्हणजे गुरांचे कळप चारण्याचें अफाट रान. हे धनिक लोक सरकारी कुरणांभोंवतीं बिनदिक्कत तारेचीं कुंपणें घालीत आणि आंत येऊं पाहणाऱ्या शेतकऱ्यास निरनिराळ्या उपायांनीं पिटाळून लावीत. ‘स्पेड’ रँचचा मालक बार्टलेट रिचर्ड्स यास १९०५ सालीं अशा कुंपणांबद्दल शिक्षा झाली, ती नांवापुरता दंड आणि कांहीं तासांची अटक एवढीच! पुढें सरकारनें नेट धरला. रिचर्ड्सवर दुसरा खटला होऊन त्यास तुरुंगवास झाला, व ती शिक्षा भोगीत असतांनाच १९११ सालीं त्याचा अंत झाला. एकीकडे कुंपणवाले व दुसरीकडे नांगरवाले असा हा सामना होता. नांगरवाल्यांच्या बाजूचा सर्वांत हट्टी माणूस म्हणजे आमचा चरित्रनायक ज्यूल्स सँडोझ.

ज्यूल्स हा स्वित्झर्लंडमधील सुखवस्तु घरचा व झुरिक येथें वैद्यकाचा अभ्यास केलेला तरुण. वडिलांशीं बिनसल्यामुळें तो १८८१ सालीं अमेरिकेस आला, आणि १८८४ सालीं नायोब्रारा नदीच्या आसपास त्यानें आपली जागा धरली. त्याच वर्षीं विहीर खणतांना एक प्रसंग घडला. सोबत्यांनीं थट्टेनें त्याला वर ओढतां ओढतां दोराला हिसके दिले. दोर तुटला, तो खालीं आदळला व त्याचा घोटा चिरडला गेला. सैनिकांनीं त्यास फोर्ट रॉबिन्सन या लष्करी ठाण्यावर नेलें. तेथील डॉक्टर वॉल्टर रीड (पिवळ्या तापाच्या संशोधनामुळें पुढें जगप्रसिद्ध झाले तेच) पाय कापण्याच्या विचारांत होते. पाय कापल्यास जीव घेईन अशी रोग्यानेंच धमकी दिली. पाय वांचला, ज्यूल्स मात्र जन्माचा लंगडा झाला. हा एक प्रसंग त्या माणसाची सारी प्रकृति सांगून जातो. तो कोणाचें ऐकत नसे, आणि त्यामुळेंच कित्येकदां त्याचें खरें ठरे.

१८८८ च्या जानेवारींतील भीषण हिमवादळ, त्यानंतरच्या दशकांतील अवर्षण, एकामागून एक ओस पडत गेलेलीं शेजाऱ्यांचीं घरें, या सर्वांतून तो टिकला. युरोपांतील देशबांधवांना पत्रें लिहून त्यानें वसाहतकरी आणविले, मोजणीचें यंत्र घेऊन त्यांना जागा दाखविल्या, घरांतच टपालकचेरी चालविली, रँचवाल्यांशीं कोर्टांत व कोर्टाबाहेर झगडे केले. १९०८ सालीं त्याचा भाऊ एमिल याच भांडणांत गोळीस बळी पडला, तरी तो मागें हटला नाहीं. जेथें गवताखेरीज कांहीं उगवणार नाहीं असें जाणते लोक म्हणत, तेथें त्यानें प्लम, चेरी व सफरचंद यांच्या बागा फुलविल्या. एवढें सांगून लेखणी खालीं ठेवली असती तरी एक उत्तम, सन्माननीय आणि लवकर विसरलें जाणारें चरित्र तयार झालें असतें.

परंतु सँडोझबाई घरांत शिरतात. ज्यूल्सनें चार लग्नें केलीं. स्वित्झर्लंडांत राहिलेल्या रोझाली नांवाच्या स्त्रीवर त्याचें मन जडलेलें होतें. ती या रानांत आली नाहीं, आणि ज्या आल्या त्यांतील कोणी ती नव्हती, याची शिक्षा त्यांना भोगावी लागली. चौथी पत्नी मेरी हीच टिकली व सहा मुलांची आई झाली. नांगर, जनावरें, स्वयंपाक, मुलें व पाहुणे यांचा सारा भार तिच्यावर. ज्यूल्स शिकारीस, गप्पांस अथवा कज्जेदलालीस मोकळा. एकदां वासरूं धरून ठेवतांना तिच्या हातून चूक झाली, तेव्हां त्यानें तिला तारांच्या जुडीनें मारलें. ती घरांत धांवली ती विषाच्या बाटलीकडे. तिच्या म्हाताऱ्या आईनें बाटली हातांतून उडविली म्हणून अनर्थ टळला. थोरली मुलगी तीन महिन्यांची असतांना रात्रीं आजारानें रडूं लागली. बापाची झोंपमोड झाली आणि त्यानें त्या तान्ह्या जिवाला निळें पडेपर्यंत मारलें. ती थोरली मुलगी म्हणजेच ग्रंथकर्ती.

हा शेवटचा प्रसंग त्यांनीं कसा लिहिला आहे तें पाहण्यासारखें आहे. सबंध ग्रंथांत त्या स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषीं करतात. भावंडांतलीच एक, तीहि फारशी पुढें न येणारी. मार खाणाऱ्या बाळाविषयीं लिहितांना लेखणी थरथरत नाहीं कीं आवाज चढत नाहीं. घटना सांगितली जाते आणि कथा पुढच्या कामाकडे वळते, जसें त्या घरांत प्रत्यक्ष वळत असेल. कोणी म्हणेल, ही अलिप्तता थंडपणाची आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. ‘मी’ हा शब्द आला असता तर प्रत्येक पान फिर्यादीचें झालें असतें आणि वाचकास न्यायाधीशाच्या आसनावर बसावें लागलें असतें. ‘ती’ या शब्दामुळें मार खाणारी मुलगी, विषाकडे धांवणारी आई आणि मारणारा बाप हीं तिघेंही एकाच प्रकाशांत येतात, व वाचकाला बापाकडेहि पाहण्याची उसंत मिळते.

आणि पाहूं लागतांच वाचकाच्या मनाचा गोंधळ होतो. हाच या ग्रंथाचा विजय. कारण ज्या हट्टानें ज्यूल्सनें रँचवाल्यांपुढें मान लवविली नाहीं, त्याच हट्टानें त्यानें बायकोची मान वर होऊं दिली नाहीं. ओसाड वाळूंत बाग पाहणारी जी त्याची दृष्टि, तीच समोरच्या माणसाच्या डोळ्यांतील पाणी पाहूं शकत नव्हती. दोन निरनिराळ्या माणसांचे हे गुणदोष असते तर निवाडा सोपा होता. बाईंचें म्हणणें असें दिसतें कीं, असल्या मुलखांत माणूस टिकविणारी जी शक्ति, तीच घर मोडणारी शक्ति असूं शकते, आणि एकीचे पोवाडे गातांना दुसरीवर पांघरूण घालणें हा खोटेपणा होय. हा विचार त्या कोठेंहि सूत्ररूपानें सांगत नाहींत. तो प्रसंगांच्या क्रमांतूनच वाचकास उमगतो.

या बापलेकींचें नातें लेखनाच्या बाबतींतहि असेंच गुंतागुंतीचें होतें. मुलीच्या लेखनास एका स्पर्धेंत उल्लेखाचा मान मिळाला तेव्हां बापानें, लेखक व कलावंत हे समाजाच्या जिवावर जगणारे निरुपयोगी प्राणी होत, अशा अर्थाचें पत्र तिला धाडलें. आणि तोच बाप १९२८ सालीं मृत्युशय्येवर असतांना, माझी हकीकत तूं लिहीत कां नाहींस, असें तिला विचारता झाला. बाईंनीं ती आज्ञा पाळली. पण ती बापाच्या भाटाप्रमाणें नव्हे, तर खऱ्या वारसाप्रमाणें. वारसाला मत्तेबरोबर कर्जहि घ्यावें लागतें.

आतां जमिनीकडे वळूं. कारण या कथेंतील सर्वांत कडू विनोद तेथें आहे. किंकेड कायद्यानें नांगरवाल्यांना विजय मिळवून दिला, कुंपणें पडलीं, माणसें आलीं. पण वाळूवरचें गवत नांगरानें फाडलें कीं वारा वाळू उडवून नेतो व टेकडीला भगदाड पडतें, हें कायद्याच्या पुस्तकांत लिहिलेलें नव्हतें. कित्येक किंकेडवाल्यांचा ६४० एकरांवरहि निभाव लागेना. ते जमीन विकून निघून गेले, आणि ती पुन्हां रँचवाल्यांकडेच गेली. खुद्द सँडोझ कुटुंबानें १९१० च्या सुमारास नदीकांठ सोडून टेकड्यांत नवी जागा घेतली, तीहि गुरांच्याच आधारानें चालली. त्याच सुमारास, चौदा वर्षांची मारी हिमवादळानंतर भावासह बर्फांत गाडलेलीं जनावरें दिवसभर उकरीत राहिली. बर्फावरील झगझगाटानें तिचे डोळे दिपले आणि एका डोळ्याची दृष्टि कायमची गेली. ज्या रँचवाल्यांशीं बापानें हाडवैर केलें, त्यांचाच धंदा मुलांच्या हातीं आला. तिची एक धाकटी बहीण टेकड्यांतच गुरांच्या व्यवसायांत राहिली व पुढें थोरलीचीं पत्रें आणि लेख तिनेंच प्रसिद्धीस आणले. माणसांनीं कायदे बदलले, पण वाळूनें आपला कायदा बदलला नाहीं. ज्यूल्सच्या बागा हा त्याला अपवाद. आणि तो अपवादहि एका असामान्य, असह्य माणसाच्या हट्टामुळेंच शक्य झाला होता.

याच १९३५ सालीं आणखी एका वसाहतकऱ्याच्या मुलीचें पुस्तक प्रसिद्ध झालें : लॉरा इंगल्स वाइल्डर यांचें ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’. तें मुलांसाठीं लिहिलेलें, प्रेमळ व नितळ आहे. त्यांतील बाप सारंगी वाजवितो आणि घर उबदार आहे. त्याची गोडी आम्ही नाकारीत नाहीं. परंतु इंगल्स कुटुंबानें कॅन्ससमध्यें ज्या जागीं घर बांधलें ती ओसेज लोकांची राखीव भूमि होती, व वसाहतीस ती अद्याप खुली झालेली नव्हती. ही गोष्ट त्या उबेंत वाचकाला जेमतेम जाणवते. पुढें डाकोटांत हक्कानें मिळविलेली जमीनहि सोडून तो बाप गांवांत राहावयास गेला. एका मुलीनें बापाची आठवण जपली. दुसरीनें बापाला पारखलें. दोन्हीं प्रेमाचेच प्रकार असतील. मात्र पहिला प्रकार वाचकाला घरीं नेऊन निजवितो, आणि दुसरा त्याला जागें ठेवतो.

‘ओल्ड ज्यूल्स’ निर्दोष आहे असें मात्र नाहीं. ग्रंथकर्तीनें बापाचीं जुनीं पत्रें व कागद चाळले, नेब्रास्काच्या इतिहास-संस्थेंत बसून वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली वाचल्या. तरीसुद्धां तिच्या जन्मापूर्वींचीं संभाषणें जशींच्या तशीं दिलेलीं पाहून, हें चरित्र कीं कादंबरी, असा प्रश्न वाचकास पडतो. ज्यूल्सच्या बंदुकीचे पराक्रम सांगतांना लेखणी किंचित् रमते आणि तेवढ्यापुरता पारखणारा हात सैल होतो. आईला न्याय मिळाला खरा, पण जागा पुरेशी मिळाली नाहीं. तिच्या श्रमांवर तें घर उभें होतें. तिच्या मनांत काय चाललें होतें तें मात्र आपणांस क्वचितच कळतें. आणि चौथी, सर्वांत मोठी उणीव ही कीं, नदीपलीकडे तळ देऊन राहणारे, ज्यूल्सशीं स्नेहानें वागणारे ओग्लाला लोक या ग्रंथांत येतात ते पाहुण्यांसारखे. १८९० सालच्या अखेरीस वुंडेड नी येथें सैन्यानें केलेल्या कत्तलीची छाया पानांवर पडते. पण यजमान कोण आणि पाहुणा कोण, हा प्रश्न अर्धवटच राहतो.

तो प्रश्न बाईंना स्वतःलाहि सोडीत नव्हता, असें त्यांचें पुढील लेखन सांगतें. १९४२ सालीं त्यांनीं ओग्लालांच्या वीराचें ‘क्रेझी हॉर्स’ हें चरित्र लिहिलें. १९५३ सालीं मायभूमीकडे परतूं पाहणाऱ्या शायान लोकांची ‘शायान ऑटम’ ही कथा. १९५४ सालीं रानरेड्यांच्या शिकाऱ्यांचा, १९५८ सालीं गुरेंवाल्यांचा आणि १९६४ सालीं बीव्हरच्या कातड्यांसाठीं प्रथम आलेल्या व्यापाऱ्यांचा इतिहास. या साहाहि ग्रंथांची त्यांनीं एक माला मानली. घटनांच्या काळाप्रमाणें लावलें असतां त्या मालेंत ‘ओल्ड ज्यूल्स’ शेवटीं येतें. लिहिलें गेलें मात्र तें सर्वांआधीं. जमिनीचा एखादा वारस घरांतला शेवटचा कागद हातीं घेऊन, त्याच्याआधींचा कागद कोणता, त्याच्याहि आधींचा कोणता, असा दप्तरांत मागें मागें शोध करीत जावा, तसा हा प्रवास आहे. ‘गुरेंवाले’ या विषयावरील ग्रंथांत तर बापाच्या वैऱ्यांनाहि त्यांनीं त्यांच्या वांट्याचा इतिहास दिला.

या शोधांत एक स्थळ पुनःपुन्हां येतें, तें म्हणजे फोर्ट रॉबिन्सन. ‘ओल्ड ज्यूल्स’ वाचणारास तें एका चतुर डॉक्टरनें एका हट्टी तरुणाचा पाय वांचविल्याचें ठिकाण म्हणून ठाऊक असतें. ‘क्रेझी हॉर्स’ वाचल्यावर कळतें कीं, त्याच ठाण्यावर ५ सप्टेंबर १८७७ रोजीं, शरण आलेल्या त्या वीराला अटक करतांना संगीनीनें भोंसकून मारण्यांत आलें. ‘शायान ऑटम’ वाचल्यावर कळतें कीं, त्याच ठाण्याच्या बराकींत शायान बायकामुलांना अन्न व सरपण तोडून कोंडण्यांत आलें होतें, आणि ९ जानेवारी १८७९ च्या रात्रीं थंडींत बाहेर पडलेल्या त्या लोकांना बर्फावर टिपून मारण्यांत आलें. त्यानंतर पांचच वर्षांनीं ज्यूल्स तेथें पोंचला. त्याला ‘मोकळी’ जमीन मिळाली ती कां मोकळी होती, याचें उत्तर त्याच्या खाटेपासून हांकेच्या अंतरावर होतें. हें उत्तर ज्यूल्सनें विचारलें नाहीं. त्याच्या मुलीनें विचारलें. घराण्याचा इतिहास एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातो तो केवळ जमिनीच्या रूपानें नव्हे. पहिल्या पिढीनें न विचारलेल्या प्रश्नांच्या रूपानेंहि तो जातो.

म्हणून हा ग्रंथ ज्यांस वाचावयाचा असेल त्यांनीं तो एकटा वाचूं नये, अशी आमची शिफारस आहे. निदान ‘क्रेझी हॉर्स’ व ‘शायान ऑटम’ हीं दोन पुस्तकें त्यानंतर अवश्य वाचावींत. म्हणजे एका कुटुंबाची कथा आपल्या खऱ्या मापांत, ना अधिक ना उणी, दिसूं लागेल. सँडोझबाई १९६६ सालीं न्यूयॉर्क येथें वारल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांस कुटुंबाच्या रँचवर, फळबाग नजरेखालीं येईल अशा टेकडीच्या उतरणीवर पुरण्यांत आलें. ज्या जमिनीनें एक डोळा घेतला, जिच्यावर बापाचा मार खाल्ला, आणि जिच्या मागच्या मालकांचा शोध करण्यांत जन्म गेला, तीच जागा त्यांनीं निवडली. जमिनीवर हक्क सांगण्याचे कायदे अनेक आहेत. परंतु तिच्याविषयीं खरें सांगून तिच्यावर हक्क मिळविणारे वारस विरळा.